निवृत्तिबचतीला शासकीय अंशदान

व्यक्तीने आपल्या वृद्धापकाळासाठी नियमितपणे बाजूला काढून ठेवलेल्या रकमेत शासनाने राजकोषातून घातलेली भर. ही भर सेवानिवृत्तिवेतनाहून तशीच निराधारांना मिळणाऱ्या अनुदानाहूनही भिन्न आहे. सेवानिवृत्तिवेतन हा नोकराच्या पूर्वीच्या सेवेचाच मोबदला मानला जातो, तर निराधार अनुदान मिळण्यासाठी लाभधारकाने आधी काही भरलेले असावे लागत नाही. शासकीय अंशदानात व्यक्तीची स्वतःची वर्गणी ही पूर्वअट असते. ती भरली तरच शासन आपला हिस्सा घालते आणि ती थांबली की तोही थांबतो. त्यामुळे या पद्धतीच्या इतिहासात शासनाने किती दिले या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्वाचा प्रश्न वर्गणी भरणे कोणाला शक्य होते हा आहे.

भारतापुरता हा इतिहास पाहण्यास पूर्व विदर्भातील अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया) या तालुक्यासारखा प्रदेश सोयीचा ठरतो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया–नागभीड–बल्लारशा लोहमार्गावरील अर्जुनी आणि तिच्या शेजारचे मोरगाव या दोन गावांवरून तालुक्याचे नाव पडले असून त्यामुळे तो त्याच जिल्ह्यातील सडक अर्जुनीहून वेगळा ओळखला जातो. नवेगाव बांधचा जुना तलाव, इटियाडोहचे धरण, लहानमोठे माजी मालगुजारी तलाव, त्यांच्याखालची धानाची शेती आणि सभोवतालचे जंगल असे येथील स्वरूप आहे. कारखानदारी जवळजवळ नाही. मजुराच्या हाती रोख पैसा येतो तो वर्षातून ठरावीक वेळीच: चैत्रात मोहफुले, वैशाखात तेंदूपाने, आषाढ-श्रावणात रोवणीची मजुरी, दिवाळीच्या आगेमागे धानकापणी आणि त्यानंतर धानविक्री. मधल्या महिन्यांत रोजगार हमीची कामे मिळाली तर मिळतात. एरवी अनेकजण कामासाठी नागपूर, रायपूर वा त्याहून दूरच्या शहरांकडे जातात. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम मिळणारा माणूस येथे म्हणजे शिक्षक, तलाठी, वनरक्षक किंवा बँकेचा कर्मचारी. निवृत्तिबचतीचे कायदे आणि योजना तयार करणाऱ्यांच्या नजरेसमोर दीर्घकाळ होता तो हाच माणूस.

या पद्धतीचा उगम यूरोपातील. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८९ मध्ये वृद्धत्व व अपंगत्व विम्याचा कायदा झाला. त्यात कामगार व मालक यांनी समान वर्गणी भरावयाची आणि प्रत्येक निवृत्तिवेतनामागे साम्राज्याच्या कोषातून वर्षाला ५० मार्क घालावयाचे, अशी योजना होती. वृद्धवेतनाचे वय ७० होते. तेथवर पोहोचणारे कामगार थोडेच असत. ही वर्गणी सक्तीची होती. बेल्जियमने याउलट मार्ग धरला. तेथील सरकारी निवृत्ती निधी १८५० पासूनचा. १९०० च्या कायद्याने त्यात स्वेच्छेने पैसे भरणाऱ्या कामगाराला सरकारी उत्तेजनार्थ रक्कम मिळू लागली. कोणावरही सक्ती न करता बचतीची सवय लावावी, ही त्यामागील दृष्टी. परंतु ज्याच्याकडे शिल्लक उरत नाही तो उत्तेजन मिळूनही बचत करीत नाही, असा अनुभव आला आणि १९२४ मध्ये बेल्जियमलाही कामगारांसाठी सक्तीचा विमा आणावा लागला. सक्ती की स्वेच्छा हा वाद पुढे भारतातही निराळ्या स्वरूपात उपस्थित झाला.

ब्रिटिश अमदानीत भारतात रूढ झाला तो भविष्य निर्वाह निधी. रेल्वे व सरकारी खाती, आणि पुढे काही मोठ्या गिरण्या व कंपन्या, आपल्या नोकरांसाठी असे निधी चालवीत. १८९७ चा आणि त्याची जागा घेणारा १९२५ चा भविष्य निर्वाह निधी अधिनियम यांचा मुख्य हेतू निधीतील रकमेस सावकाराच्या जप्तीपासून संरक्षण देणे हा होता. निधीत भर घालणारा मालक असे, शासन नव्हे. शासनाने भर घातली असेल तर ती मालक या नात्यानेच. स्वातंत्र्यानंतर १५ नोव्हेंबर १९५१ च्या अध्यादेशाने व ४ मार्च १९५२ च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी अधिनियमाने हा निधी सक्तीचा करण्यात आला. आरंभी तो सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड. वर्गणीचा दर वेतनाच्या सव्वासहा टक्के होता आणि तेवढीच रक्कम मालक घालीत असे.

या सहांपैकी सिगारेट उद्योगाचा उल्लेख येथे विशेष महत्त्वाचा आहे. तंबाखू ओढण्याचे दुसरे आणि देशात कितीतरी अधिक खपाचे साधन म्हणजे विडी. भंडारा-गोंदिया भागात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच विडी उद्योग फोफावला होता. त्याला लागणारे तेंदूचे पान येथील जंगलांतून येई आणि विड्या वळण्याचे काम गावोगावी घरांतून, बहुतांशी स्त्रियांकडून, होई. सिगारेट कारखान्यातील कामगाराला १९५२ मध्येच निधीचे संरक्षण मिळाले. विडी वळणाऱ्या स्त्रीला मात्र ते १९७७ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, मिळाले नाही. त्या वर्षी अधिनियम विडी उद्योगास लागू झाला, तेव्हा घरी बसून विड्या वळणारी स्त्री आपली कामगारच नव्हे, ती ठेकेदाराची माणूस, असे म्हणत उत्पादक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये पी. एम. पटेल विरुद्ध भारत संघ या खटल्यात हे म्हणणे फेटाळले. वळून आणलेल्या विड्या तपासून खराब विड्या नाकारण्याचा हक्क ज्याच्याकडे आहे, त्याचे कामावर पुरेसे नियंत्रण आहे आणि म्हणून घरी काम करणारेही त्याचे कर्मचारी ठरतात, असा निर्णय न्यायालयाने दिला. विडी नाकारली की मजुरी बुडे. तोच नाकारण्याचा हक्क कामगाराच्या बाजूचा पुरावा ठरला, ही गोष्ट कामगार कायद्याच्या इतिहासात लक्षणीय मानावी लागेल.

तेंदूचे पान तोडणारा मजूर मात्र या साऱ्याबाहेर राहिला. १९६९ च्या महाराष्ट्र गौण वनोत्पादन (व्यापार नियमन) अधिनियमाने तेंदूपानांचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. तोडणारा मजूर कोणत्याही आस्थापनेचा नोकर नाही. तो पुडे बांधून संकलन केंद्रावर देतो आणि पुड्यांच्या हिशेबाने पैसे घेतो. हंगाम काही आठवड्यांचाच. पान तोडणाऱ्याचे, विडी वळणारीचे आणि सिगारेट यंत्रावर काम करणाऱ्याचे श्रम एकाच धंद्याच्या तीन टोकांवरचे. परंतु वृद्धापकाळाच्या तरतुदीच्या दृष्टीने त्यांच्यात फार मोठे अंतर पडले.

शासनाने मालक नसतानाही कामगाराच्या निधीत स्वतःचा हिस्सा घालण्यास प्रारंभ केला तो १९७१ मध्ये. त्या वर्षीच्या १ मार्चपासून लागू झालेल्या कर्मचारी कुटुंब निवृत्तिवेतन योजनेत कामगार व मालक यांच्या वर्गणीतून प्रत्येकी १.१६ टक्के रक्कम वळविण्यात आली आणि केंद्र शासनाने स्वतःचे १.१६ टक्के घातले. तथापि ही योजना नोकरीत असताना मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबापुरतीच होती. जिवंतपणी निवृत्त होणाऱ्याला तिच्यातून मासिक वेतन मिळत नसे. १६ नोव्हेंबर १९९५ रोजी तिची जागा कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने घेतली. मालकाच्या वर्गणीतील ८.३३ टक्के भाग या योजनेकडे जाऊ लागला आणि शासनाचा १.१६ टक्क्यांचा हिस्सा तसाच चालू राहिला. हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा आरंभी ५,००० रु., २००१ पासून ६,५०० रु. आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रु. करण्यात आली.

हा १.१६ टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती, हे पाहणे उद्‌बोधक आहे. एखाद्या विडी कामगार स्त्रीची महिन्याची मजुरी ३,००० रु. धरली, तर शासनाचा हिस्सा ३४ रु. ८० पैसे होतो. निवृत्तिवेतन काढण्याचे सूत्र असे आहे: वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागावयाचे. पंधरा वर्षे सेवा झालेल्या या स्त्रीला त्यानुसार दरमहा सुमारे ६४३ रु. मिळतील. दहा वर्षे पूर्ण झाली नाहीत, तर मासिक वेतन नाहीच. भरलेल्या रकमेच्या प्रमाणात एकरकमी परतावा घ्यावा लागतो. विड्या वळण्याचे काम कधी पानांअभावी, कधी बाळंतपणामुळे, कधी कारखान्याने काम थांबविल्यामुळे खंडित होत असल्याने दहा वर्षांची अट सर्वांना पार करता येत नाही. शिवाय विडी उद्योगात निधीची वर्गणी १० टक्केच राहिली, तर बहुतेक इतर उद्योगांत ती १९९७ पासून १२ टक्के झाली. मालकाच्या या दहा टक्क्यांतून निवृत्तिवेतनाचा भाग वजा जाता निधीत पडतो तो जेमतेम पावणेदोन टक्के. थोडक्यात, मजुरीचा दर कमी असेल तर तिच्यावर टक्केवारीने आधारलेली शासकीय भरही त्याच प्रमाणात कमी होते. ही उणीव केंद्र शासनाने अंशतः मान्य केली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून या योजनेतील किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रु. ठरवून फरकाची रक्कम अर्थसंकल्पातून देण्यास सुरुवात केली. टक्केवारीचा नियम बाजूला सारून थेट रक्कम ठरविली तेव्हाच सर्वांत गरीब वर्गणीदारांना काही जाणवण्याजोगे मिळाले, हे येथे नमूद करावयास हवे.

असंघटित कामगार, म्हणजे ज्यांचा निश्चित मालक नाही अशा श्रमिकांचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर गंभीरपणे मांडला गेला तो ओॲसिस प्रकल्पाच्या अहवालात (२०००). सु. आ. दवे यांच्या अध्यक्षतेखालील या तज्ञ समितीने प्रत्येक व्यक्तीच्या नावे स्वतंत्र खाते असावे, नोकरी वा गाव बदलले तरी ते तिच्याबरोबर जावे, अशी शिफारस केली. त्यातूनच पुढे नवी निवृत्तिवेतन पद्धती आकारास आली. तत्पूर्वीच राज्य व केंद्र शासनांनी लहान प्रमाणावर प्रयोग आरंभिले होते. पश्चिम बंगालमध्ये २००१ पासून असंघटित कामगाराने महिन्याला २० रु. भरल्यास राज्य शासनही २० रु. भरू लागले. त्याच वर्षी १ जुलैपासून केंद्र शासनाने शेतमजुरांसाठी कृषी श्रमिक सामाजिक सुरक्षा योजना आयुर्विमा महामंडळामार्फत सुरू केली. मजुराने दिवसाला एक रुपया आणि शासनाने दोन रुपये, असा तिचा हिशेब होता. देशातील ५० जिल्ह्यांपुरती ही योजना मर्यादित होती आणि २००४ मध्ये ती नव्या सभासदांना बंद झाली. दुप्पट शासकीय भर देणारी ही योजना अंशदानाच्या दृष्टीने नंतरच्या अनेक योजनांहून उदार होती. ती टिकली नाही, हे तिचे दुर्दैव. राजस्थानात २००७ मध्ये विश्वकर्मा योजनेने वर्षाला १,००० रुपयांपर्यंत समान अंशदान देण्यास प्रारंभ केला. आंध्र प्रदेशात २००९ मध्ये बचत गटांतील स्त्रियांसाठी अभय हस्तम् ही योजना आली. तीत स्त्रीचा दिवसाचा एक रुपया आणि शासनाचा एक रुपया असे. बचत गटाच्या बैठकीतच वर्गणी गोळा होत असल्याने बँकेच्या खेपा वाचत, ही तिची जमेची बाजू.

या सुमारास पाश्चात्त्य देशांतही ऐच्छिक बचतीस प्रत्यक्ष शासकीय भर घालण्याची लाट आली होती. जर्मनीत २००२ पासून रीस्टर निवृत्तिवेतनासाठी शासकीय अनुदान मिळू लागले. ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये अल्प उत्पन्नगटातील वर्गणीदारांसाठी सह-अंशदान सुरू केले. न्यूझीलंडमध्ये २००७ साली किवीसेव्हर ही योजना आली. चीनने २००९ मध्ये ग्रामीण भागासाठी आरंभलेल्या योजनेत वर्गणीदारामागे वर्षाला किमान ३० युआन स्थानिक शासनाने घालावे, असे ठरविले. या सर्वांत एक समान अडचण आढळली: अंशदान मोठे केले तर राजकोषावरील भार वाढतो, लहान ठेवले तर गरिबाला त्याचे आकर्षण वाटत नाही. न्यूझीलंडमध्ये ही भर पुढे टप्प्याटप्प्याने घटविण्यात आली. चीनने मात्र वर्गणीपेक्षा वृद्धांना शासनाकडून थेट मिळणाऱ्या मूळ निवृत्तिवेतनावरच अधिक भर दिला.

भारतात संपूर्ण देशासाठी अशी भर प्रथम आली ती स्वावलंबन योजनेने. २०१०-११ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी ती जाहीर केली. नव्या निवृत्तिवेतन पद्धतीत खाते उघडून वर्षाला १,००० ते १२,००० रु. भरणाऱ्या असंघटित व्यक्तीच्या खात्यात केंद्र शासन वर्षाला १,००० रु. घालणार होते. किमान वर्गणी भरणाऱ्याला रुपयास रुपया मिळे. त्यापेक्षा अधिक उत्तेजन क्वचितच कोठे मिळाले असेल. दोष होता तो अन्यत्र. शासकीय भर काही वर्षांपुरतीच होती आणि साठाव्या वर्षी किती मिळेल याची हमी नव्हती. चाळिसाव्या वर्षी खाते उघडून दरसाल किमान रक्कम भरणाऱ्याचे वीस वर्षांत स्वतःचे २०,००० रु. होतात, शासनाची भर आणि व्याज धरूनही त्यातून दरमहा १,००० रु. निघणे शक्य नाही. खातेदार नोंदविण्याचे काम सूक्ष्म वित्तसंस्थांसारख्या मध्यस्थांकडे होते. पहिल्या वर्षाचे पैसे भरले आणि नंतर खाते तसेच पडून राहिले, अशी अनेक उदाहरणे त्यामुळे घडली.

९ मे २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कोलकाता येथे अटल निवृत्तिवेतन योजनेची घोषणा केली. १ जूनपासून स्वावलंबनमध्ये नवी भरती थांबली. नव्या योजनेत पाच पायऱ्यांनी, दरमहा १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत, निवृत्तिवेतनाची हमी देण्यात आली. ठरलेल्या हिशेबापेक्षा गुंतवणुकीचे उत्पन्न कमी पडल्यास तूट शासन भरून काढील, ही हमी म्हणजेच एका अर्थी शासकीय भर होय. फक्त ती खात्यावर दिसत नाही. खात्यावर दिसणारी भर वेगळी होती. ३१ मार्च २०१६ पर्यंत सामील झालेल्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या आणि अन्य वैधानिक सामाजिक सुरक्षा योजनेत नसलेल्या व्यक्तीस २०१५-१६ ते २०१९-२० अशी पाच वर्षे तिच्या वर्गणीच्या ५० टक्के किंवा १,००० रु., यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळावयाची होती. ‘कमी असेल ती’ या शब्दांचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. अठरा वर्षांच्या तरुणाने १,००० रुपयांच्या निवृत्तिवेतनासाठी महिन्याला ४२ रु. भरावयाचे. वर्षाचे ५०४ रु. झाले, त्याच्या निम्मे २५२. पाच वर्षांत शासनाकडून त्याला मिळतात १,२६० रु.; तो स्वतः मात्र बेचाळीस वर्षांत २१,१६८ रु. भरतो. त्याच निवृत्तिवेतनासाठी चाळीस वर्षांच्या माणसाची वर्गणी महिन्याला २९१ रु., त्यामुळे तो १,००० रुपयांची कमाल मर्यादा गाठतो आणि पाच वर्षांत ५,००० रु. मिळवितो. अर्थात त्याची स्वतःची वर्गणीही ६९,८४० रु. होते. ज्याला दरमहा ४२ रुपयेच परवडतात त्याला सर्वांत कमी, आणि अधिक भरू शकणाऱ्याला अधिक, असा हा नियम होता.

अर्जुनी मोरगावच्या मजुराच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा मुद्दा वर्गणीच्या वेळेचा आहे. आरंभी वर्गणी दरमहा बँक खात्यातून आपोआप वळती होत असे. खात्यात शिल्लक नसली की दंड. सहा महिने वर्गणी न आल्यास खाते गोठविणे, बारा महिन्यांनी निष्क्रिय करणे आणि चोवीस महिन्यांनी बंद करणे, असा क्रम होता. धानाचे पैसे पौषात हाती येणाऱ्या आणि भाद्रपदात उसनवारीवर जगणाऱ्या घरात हा क्रम कोणत्या टप्प्यावर लागू होईल, हे सांगण्यास अर्थशास्त्राची गरज नाही. पुढे त्रैमासिक व सहामाही वर्गणीचा पर्याय देण्यात आला आणि शिल्लक असेपर्यंत खाते बंद न करण्याचे ठरले. या बदलांची फारशी वाच्यता झाली नाही. पण हंगामी उत्पन्नाच्या प्रदेशात शासकीय अंशदानाच्या रकमेइतकेच महत्त्व त्यांना आहे. तेंदूच्या हंगामानंतर एक आणि धानविक्रीनंतर एक असे दोन हप्ते येथील जीवनक्रमाशी जुळतात.

२०१९ मध्ये दोन योजना आल्या आणि शासकीय भरीची कल्पना पुन्हा बदलली. प्रधानमंत्री श्रम योगी मानधन योजनेत महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेला १८ ते ४० वयाचा असंघटित कामगार वयानुसार ५५ ते २०० रु. भरतो आणि केंद्र शासन साठाव्या वर्षापर्यंत तेवढीच रक्कम भरते. साठीनंतर दरमहा ३,००० रुपयांची हमी आहे. भर येथे काही वर्षांपुरती नसून अखेरपर्यंतची आहे, हा मोठाच फरक. मात्र दहा वर्षांच्या आत बाहेर पडणाऱ्यास स्वतःची वर्गणी व बचत खात्याच्या दराने व्याज एवढेच मिळते. शासनाचा हिस्सा परत जातो. निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर जोडीदारास निम्मे वेतन मिळते, पण दोघांच्या पश्चात वारसांना संचित रक्कम मिळत नाही. अटल योजनेत ती मिळते. भविष्य निर्वाह निधीत नाव असलेल्या विडी कामगारास या योजनेत जाता येत नाही. योजना मांडताना पाच वर्षांत दहा कोटी श्रमिकांची अपेक्षा धरण्यात आली होती. प्रत्यक्ष नोंदणी अर्ध्या कोटीच्या पुढे फारशी गेली नाही. दुसरी योजना, प्रधानमंत्री किसान मानधन, दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांसाठी असून तिचेही सूत्र तेच आहे. धानपट्ट्यातील बहुतेक खातेदार अल्पभूधारक असल्याने ती येथे लागू पडते. शेतकऱ्यास वर्षाला तीन हप्त्यांत मिळणाऱ्या ६,००० रुपयांच्या सन्मान निधीतूनच वर्गणी परस्पर वळती करून घेण्याची मुभा तीत आहे. तसे केल्यास वर्गणी आणि अंशदान ही दोन्ही राजकोषातूनच येतात. बचतीची सवय लावण्याच्या ज्या हेतूने बेल्जियमने १९०० मध्ये उत्तेजनार्थ रक्कम देऊ केली, त्याच्याशी याचा फारसा संबंध उरत नाही. ही व्यवस्था वाईट आहे असे नव्हे; ती वस्तुतः वर्गणीचे रूप घेतलेले थेट निवृत्तिवेतन आहे, एवढेच.

शासकीय भरीचा विचार करताना प्रत्यक्ष अंशदानाखेरीज करसवलतीचाही हिशेब धरला पाहिजे. प्राप्तिकरात मिळणारी वजावट ही बचतीला घातलेली शासकीय भरच असते. ती खात्यात जमा न होता करदात्याच्या खिशात राहते, म्हणून तशी दिसत नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन पद्धतीतील वर्गणीवर २०१५-१६ पासून ५०,००० रुपयांची जादा वजावट देण्यात आली. जुन्या करपद्धतीनुसार तीस टक्के दराने कर भरणाऱ्याचे त्यामुळे वर्षाला किमान १५,००० रु. वाचतात. त्याच वर्षी सुरू झालेल्या अटल योजनेत मजुरासाठी ठेवलेली कमाल भर १,००० रु. होती. ज्याला करच भरावा लागत नाही त्याला वजावटीचा उपयोग नाही. प्रत्यक्ष अंशदानाची कल्पना मुळात हीच विषमता दूर करण्यासाठी पुढे आली, परंतु दोन्ही मार्गांतील अंतर पंधरा पटींचे राहिले. सरकारी नोकरांच्या बाबतीत तुलना वेगळ्या पातळीवर करावी लागते, कारण तेथे शासन हाच मालक असतो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नेमणूक झालेल्या कर्मचाऱ्यांना परिभाषित अंशदान योजना लागू झाली. कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या दहा टक्के रक्कम भरत असे आणि राज्य तेवढेच. २०१९ मध्ये राज्याचा हिस्सा १४ टक्के झाला. वेतन व भत्ता मिळून ४०,००० रु. असलेल्या शिक्षकामागे हा हिस्सा महिन्याला ५,६०० रु. होतो. जुन्या निवृत्तिवेतनाची हमी गेली म्हणून या कर्मचाऱ्यांनी केलेली आंदोलने सर्वश्रुत आहेत. त्याच गावातील विडी वळणारीच्या पस्तीस रुपयांविषयी कोणी आंदोलन केल्याचे फारसे ऐकिवात नाही.

वर्गणी न घेता दिली जाणारी मदत ही या सर्व योजनांची समांतर बाजू होय. महाराष्ट्र शासनाची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. पासष्ट वर्षांवरील निर्धन वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ मध्ये या दोन्ही योजनांची रक्कम दरमहा १,५०० रु. करण्यात आली. अटल योजनेच्या सर्वांत खालच्या पायरीवरील वर्गणीदारास, आणि अशांचीच संख्या सर्वाधिक आहे, बेचाळीस वर्षे पैसे भरल्यावर १,००० रुपयांची हमी आहे. हा आकडा महागाईबरोबर वाढत नाही. निराधार अनुदान मात्र वेळोवेळी, राजकीय दबावाने का होईना, वाढत गेले. वर्गणी भरणाऱ्याचा हक्क अधिक सुरक्षित, पण रक्कम गोठलेली. न भरणाऱ्याचा हक्क उत्पन्नाच्या दाखल्यावर आणि तहसील कचेरीच्या मंजुरीवर अवलंबून, पण रक्कम वाढती. हा पेच यांपैकी कोणत्याही योजनेने सोडविलेला नाही. निवृत्तिवेतनाचा आकडा किंमत निर्देशांकाशी जोडणे हा त्यावरील उघड उपाय. परंतु हमी देणाऱ्या शासनावर त्याने पडणारा भार मोठा असल्यामुळे तो स्वीकारला गेला नाही.

वयोमर्यादेमुळे वगळल्या गेलेल्या पिढीचाही उल्लेख आवश्यक आहे. स्वावलंबनमध्ये साठीपर्यंतच्या व्यक्तींना प्रवेश होता. ती बंद झाल्यावर १८ ते ४० वयाचे खातेदार अटल योजनेकडे वर्ग होऊ शकले. चाळिशी ओलांडलेल्यांची शासकीय भर २०१६-१७ नंतर संपली. त्यापुढील सर्व योजनांत चाळीस ही प्रवेशाची सीमा राहिली. वीस वर्षे वर्गणी भरल्याखेरीज हमीचा हिशेब बसत नाही, हे तिचे कारण गणिताच्या दृष्टीने बिनतोड आहे. परंतु १९७५ पूर्वी जन्मलेली, ऐन उमेदीची वर्षे तेंदू तोडण्यात आणि रोवणीत गेलेली सर्व माणसे त्यामुळे हमीच्या या योजनांबाहेर पडली. त्यांच्यासाठी उरतात ती वर उल्लेखिलेली अनुदानेच. अटल योजनेत पहिल्या दिवशी चाळिसाव्या वर्षी नाव घातलेल्या वर्गणीदारास पहिले निवृत्तिवेतन २०३५ मध्ये मिळेल; श्रम योगी मानधन योजनेतील तशाच वर्गणीदारास २०३९ मध्ये.